आमच्या बैठकीतलं तळं

...नाही, पण तुम्हीच सांगा, आता मी तळं कुठून आणू? संत्री म्हणा, आणतो. मे महिन्यात संत्री नसतात, तरी कोणाच्या तरी पाया पडून, कुठल्या तरी बगिच्यातून, चार सुकलेली का होईना, पुढ्यात आणून ठेवतो. भरीत-भाकर म्हणा, आई करून घालेल. पण तळं? अन् तेही साधंसुधं नाही बरं का, काठावर हिरवंगार गवत पाहिजे, पलीकडे निळे डोंगर पाहिजेत, मधात एक होडी, अन् दोन गाई पोटापर्यंत पाण्यात उभ्या... असं तळं! उद्याच्या गाडीनं भोपाळहून पाहुणे येऊन राहिले, लेकराबाळांसकट, बिछाने बांधून, पांढुर्ण्याचं तळं पाहायला! अन् आमची जाम नदी, तुम्हाला सांगतो, मे महिन्यात तिच्यात पाणी पाहायचं असेल तर बकेट घरून भरून न्यावी लागते!

अन् ही करणी कोणाची? आमच्या मोरेश्वरदादाची! सख्खा मोठा भाऊ माझा, म्हणून नाव घेऊन सांगतो. माणूस भला, पापभीरू, कोणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त एकदा, उभ्या जन्मात एकदा, त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. माणसानं काहीही करावं हो, पण भिंतीकडे बोट दाखवू नये!

आता भिंतीवर काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, मुकुंदा, हे काय मधूनच सुरू केलं. आमचे बाबा, रघुनाथराव, शाळामास्तर. सौसरकडे मँगनीजच्या खाणीवर एक गोरा साहेब होता, त्याला हिंदी शिकवायला जायचे. साहेबाच्या बंगल्यात भिंतीवर एक तळं होतं. विलायतेतलं. कोणा मोठ्या चित्रकारानं काढलेलं, त्याची छापील प्रत, सोनेरी चौकटीत. बाबा साहेबाला 'का, की, के' शिकवत अन् स्वतः तळ्याकडे पाहत. देश स्वतंत्र झाला, साहेब सामान बांधू लागला, तेव्हा बाबांचा जीव खालीवर! साहेब जाईल त्याचं काही नाही, तळं जाईल! शेवटी भीड सोडून साहेबाला म्हणाले, साहेब, याची एक नक्कल उतरवून घेऊ द्या. साहेब हो म्हणाला. अन् बाबांनी पांढुर्ण्याहून कोणाला नेलं, तर गुणवंता पेंटरला!

गुणवंता म्हणजे दुकानाच्या पाट्या रंगवणारा माणूस. पाट्या, मोटारीमागचं 'फिर मिलेंगे', गणपतीचे पडदे, अन् पोळ्याच्या दिवशी झाडून साऱ्या गावाच्या बैलांची शिंगं. तो साहेबाच्या ओसरीवर बसला, कापडावर चौकटी आखल्या, छापील चित्रावर सूत ताणून चौकटी केल्या, अन् एका चौकटीतलं दुसऱ्या चौकटीत उचलून ठेवू लागला. अन् खोटं कशाला बोलू, छान उतरवलं! फक्त पाण्याला जो निळा लावला तो बैलांच्या शिंगांसाठी आणलेल्या डब्यातला. अन् गाई! मूळ चित्रातल्या गाई विलायती, बिनशिंगाच्या. गुणवंतानं कुंचला खाली ठेवला. "मास्तर, म्या या हातानं बिनशिंगाची गाय नाही काढणार. पाप लागते." बाबा म्हणाले, अरे बाबा, त्यांच्याकडे तशाच असतात. "त्याइच्याकडं असन. आपल्याकडं येऊन राहिली नं ते?" दोन्ही गाईंना शिंगं आली. एकीची तांबडी, एकीची हिरवी. अन् खाली गवतावर, दुकानाच्या पाटीवर काढतो तेवढ्याच मोठ्या पिवळ्या अक्षरात नाव: गुणवंता पेंटर, पांढुर्णा. बाबा म्हणाले, जरा बारीक नसतं चाललं? तर म्हणतो, "पाटीवर नाव नाई तं पुढचं गिऱ्हाईक येईन कसं?"

साहेब गेला, त्याचं तळं गेलं, अन् आमच्या बैठकीत हे तळं आलं. आई, म्हणजे देवकाबाई, कपाळाला हात लावून म्हणाली, "एवढी जागा होती तं रामपंचायतन लावलं असतं." बाबा म्हणाले, "देव आहेत की चारी भिंतींवर. कधी माणसाला एकट्यानं बसावं वाटलं तर पाहायचं कुठं?" बाबा रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसायचे. काही बोलायचे नाहीत. अन् तळं आपलं भिंतीवर... गप्प!

पुढं बाबा गेले. दादा नागपूरला सचिवालयात कारकून. आता नागपूरला बायको न्यायची कुठं? तीन कारकुनांत एक खोली, त्यात एक रात्रभर घोरणारा अन् दुसरा रात्रभर त्याला ऊठसूट उठवणारा! म्हणून उषावहिनी पांढुर्ण्याला, अन् दादा शनिवारच्या पॅसेंजरनं यायचा, रविवारच्या पॅसेंजरनं जायचा. लग्न झाल्यापासून हेच. तुम्हाला सांगतो, रविवार म्हणजे काय, सकाळी आईची औषधं, मग घराची कौलं, मग कोणाच्या तरी घरचं बारसं, दुपारी डोळा लागतो न लागतो तो कोणीतरी नागपूरच्या बातम्या विचारायला, अन् वहिनी स्वयंपाकघरात. दोघांचं बोलणं काय, तर "डबा घेतला?" "घेतला." एकदा स्टेशनावर सोडायला गेलो तर गाडी सुटता सुटता मला म्हणाला, "मुकुंदा, मी माझ्याच बायकोकडे पाहुणा आहे रे. मला घर पाहिजे." गाडी नागपूरकडे निघून गेली अन् मी हात हलवत उभा.

अन् मग झाली ती राज्यांची उलथापालथ! नागपूर गेलं मुंबईकडे अन् आम्ही राहिलो इकडे, मध्य प्रदेशात. म्हणजे बोलायचं मराठीत, भांडायचं मराठीत, कापूस-संत्री विकायची नागपुरात, अन् राजधानी कुठं? तर भोपाळ! आमच्या गावात भोपाळ कोणी पाहिलेलं नाही. सौसरात नाही, लोधीखेड्यात नाही. सचिवालयाच्या फायली बांधून भोपाळ, कपाटं भोपाळ, टायपायची यंत्रं भोपाळ, अन् कारकून भोपाळ! दादाचंही नाव लागलं. लोक रडकुंडीला आले अन् आमचा दादा शनिवारच्या गाडीतून उतरला तो हसत! काहून? तर तिकडे क्वार्टर मिळणार होतं. दोन खोल्यांचं. स्वतःचं.

मला स्टेशनावरच सांगितलं त्यानं, घरापर्यंत चालता चालता दोन खोल्या लावूनसुद्धा झाल्या, चूल इथं, माझी खुर्ची इथं, उषाची शिवणाची मशीन खिडकीशी. म्हटलं, वहिनीला विचारलंस? तर पिशवी या हातातून त्या हातात. म्हटलं, आईला? तर चालायचाच थांबला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीत कपाळावर दगड खाऊन हसत घरी येणारा माणूस हो हा! पण आईसमोर 'मला बायकोला घेऊन जायचं आहे' एवढं वाक्य याच्या तोंडून निघत नाही!

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. जेवणं आटपली, आम्ही बैठकीत, वहिनी दाराआड सुपारी कातरून राहिली. दादानं तीनदा घसा साफ केला अन् एकदाचं बोलला, म्हणजे मधलं मधलं गाळून बोलला, "आई, भोपाळला क्वार्टर देऊन राहिले... दोन माणसांपुरतं." आई काय ते समजली. म्हणाली, "तू जा बाप्पा. नोकरी आहे. पण ज्या गावाचा ठाव नाही, ठिकाण नाही, तिथं मी लोकाची पोर कशी पाठवू? उद्या सौसरहून तिचे बाप आले, म्हणाले कुठाय आमची उषा, तर काय सांगू? पाहिलं तरी आहे का तू ते भोपाळ?"

"पाहिलं नं," दादा म्हणाला. इथं पहिलं खोटं.

"कसं आहे?"

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे कसं? तो संत्र्यावाला पुंडलिक म्हणून राहिला होता, तिथं तळं आहे म्हणे मोठं."

"आहे नं."

"कसं आहे?"

आता तुम्हाला सांगतो, भोपाळचं तळं त्यानं स्वप्नातसुद्धा पाहिलेलं नाही! त्यानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, अन् त्याचा हात... मी पाहून राहिलो होतो हो, त्याचा हात आपोआप वर गेला, अन् बोट भिंतीवर!

"असं," तो म्हणाला.

"असं म्हणजे?"

"असं म्हणजे... हेच!"

आई उठली. चष्मा शोधला. इतकी वर्षं त्या चित्राखाली बसून तांदूळ निवडले पण त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. "तुझ्या बाबांनी साहेबाकडून उतरवून आणलं ते हे भोपाळ होय?" दादा म्हणतो, "साहेब हिंडायचा नं फार." अन् दाराआड वहिनीचा अडकित्ता थांबला. अन् तळं आपलं भिंतीवर... गप्प!

झालं! दुसऱ्या दिवशी गल्लीभर बातमी फुटली! देवकाबाईच्या बैठकीत राजधानी लागली आहे म्हणे! हे येऊन राहिले, ते येऊन राहिले, चपलांचा ढीग दाराशी, अन् आई चष्मा लावून मधात उभी, "हे तळं, हे डोंगर, अन् मोरूचं क्वार्टर इकडे, चौकटीच्या बाहेर." चौकटीच्या बाहेर हो! गुणवंता पेंटरही आला, स्वतःचं चित्र पाहायला. मी त्याला कोपऱ्यात ओढलं, म्हटलं, गुणवंता, तू तर साहेबाच्या घरी बसून काढलं, तुला माहीत आहे हे काय आहे ते. तर तो छाती काढून म्हणतो, "मले काय मालूम का आपून राजधानी रंगवून राहिलो! तवाच सांगतलं असतं तं मोठा बोर्ड केला असता!"

अन् मग आले पुंडलिकराव. इथं दादाची पाचावर धारण! कारण पुंडलिकराव म्हणजे संत्र्याचे अडते, टोपल्या भरभरून रेल्वेनं पाठवणार, अन् सारं गाव ऐकून होतं, "भोपाळले? अरे, धा डाव गेलो!" आता हा माणूस एका नजरेत सांगणार, हे भोपाळ नव्हे म्हणून! दादा भिंतीला टेकला. वहिनी दारातून पाहून राहिली. पुंडलिकराव चित्रासमोर उभे राहिले, मिशीवरून हात फिरवला, मान इकडे केली, तिकडे केली... अन् म्हणाले, "अरे, हेच तं! हा दगड दिसून राहिला नं काठावर? इथंच बसून चिवडा खाल्ला मी! पाणी थंडगार, सांगतो!"

तेव्हा मला कळलं की पुंडलिकराव शेजारच्या तिगावच्या पुढं कधी गेलेच नाहीत. पण बोलायची सोय आहे का? ते खोटं ठरले तर दादा खोटा, अन् दादा खोटा ठरला तर क्वार्टर गेलं!

आता वहिनीचं ऐका. ती इतके दिवस अवाक्षर बोलली नव्हती. सारे गेल्यावर हात पुसत बाहेर आली, चित्राजवळ जाऊन उभी राहिली, बराच वेळ पाहिलं, अन् म्हणाली, "आई, एक पाहिलं का? एवढं पाणी आहे अन् काठावर एक बाई नाही. कोणाच्या डोक्यावर पाण्याचं गुंड नाही, कोणी धुणं धुऊन नाही राहिलं. एवढं पाणी सोडून साऱ्या बाया गेल्या कुठं?"

"कुठं?" आई घाबरलीच.

"घरी! घरोघरी नळ असन!"

तुम्हाला सांगतो, मी हसलो नाही. हसता येत नव्हतं. कारण वहिनी रोज उजाडायच्या आत विहिरीवर जायची, गुंडावर गुंड, रहाटाच्या दोरानं तिच्या हाताला घट्टे पडले होते, ते मी पाहिले होते. अन् आईनंही पाहिले होते. आई तिच्या हाताकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "नळ असला तर बरंच आहे वो."

म्हणजे जमलंच म्हणायचं की नाही? पण नाही! दुसऱ्या दिवशी आईला नवंच सुचलं. "मोरू, मी सारं पाहिलं. देऊळ कुठाय? एवढं मोठं गाव अन् एक देऊळ नाही? ज्या गावात देव नाही त्या गावात मी सून नाही पाठवणार." संपलं! दादा रात्रभर तळमळला, अन् सकाळी उठून चित्र भिंतीवरून काढलं. म्हणतो, "वॉर्निश मारून आणतो, रंग उडून राहिला." अन् गेला तो थेट गुणवंताकडे!

गुणवंताला घाईघाईत एकच देवस्थान काढता येत होतं, जामसांवळीचं, आमच्या मारोतीचं. पिंपळ, पार, अन् वर भगवा झेंडा. त्यानं ते पलीकडच्या काठावर, विलायती झाडांच्या मधात बसवलं. झेंडा फडकतो उजवीकडे, होडीचं शीड फुगलं आहे डावीकडे. म्हणजे वारा कोणाचं ऐकून राहिला ते वाऱ्यालाच ठाऊक!

दादानं चित्र आणून लावलं. आई पाहते तर मारोती! "अगं बाई! हे काल नव्हतं!"

अन् आमचा पापभीरू दादा काय म्हणतो? "धूळ होती, आई. धुळीखाली झाकलं होतं."

आईनं हात जोडले. मग वळली अन् वहिनीवर कडाडली, "पाहून राहिली का उषा? इतके दिवस मारोतीराय धुळीत! घरात सून असून एक चित्र पुसलं जात नाही?" वहिनी म्हणाली, "मी रोज पुसून राहिली, आई." अन् हे म्हणताना तिनं दादाकडे जे पाहिलं... दादा चपला घालून बाहेरच निघून गेला. अन् तळं आपलं भिंतीवर... गप्प!

पण आईनं हो म्हटलं. अन् एक अट घातली. चित्र सोबत न्यायचं. "मारोती सोबत राहू दे." मी म्हटलं, आई, भोपाळला जाऊन राहिले, भोपाळचं चित्र कशाला? तर म्हणे, "रस्ता चुकले तर दाखवता येईल कोणाला!"

सामान पोचवायला मी सोबत. इटारसीपर्यंत ते तळं माझ्या मांडीवर, डब्यातला प्रत्येक माणूस विचारतो, भैया ये कहाँ का है, अन् मी खिडकीबाहेर पाहतो. भोपाळ आलं. टांगा केला. दादा टांगेवाल्याला म्हणतो, "तालाब के तरफ से मत लेना." टांगेवाला म्हणतो, बाबूजी, रास्ताच तिकडून आहे! अन् आलं हो तळं! खरं! केवढं मोठं, डोळ्यात मावेना! अन् काठावर? काठावर बाया! धुणी, गुंडं, मडकी, म्हशी, आरडाओरड... जिकडे पाहावं तिकडे बाया पाणी भरून राहिल्या!

दादाचा चेहरा तर असा, की पुढच्या गाडीनं वहिनी परत जाणार हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. वहिनी तळ्याकडे पाहत होती. तिकडे पाहतच म्हणाली,

"धूळ असन. पुसून पाहा."

मी म्हटलं, मुकुंदा, आता पडायची ती वीज पडली! दादा खालच्या मानेनं म्हणाला, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "रोज फडक्यानं पुसलेलं चित्र मला माहीत नाही होय? त्यात मारोती नव्हता, अन् ते भोपाळही नव्हतं. मामंजींनीच सांगितलं होतं मला, विलायतेचं आहे म्हणून."

"मग आलीस काहून?"

"मला यायचंच होतं. तुम्हाला घर पाहिजे होतं तर तोंडानं सांगायचं होतं, भिंतीकडे बोट काहून दाखवलं? इतकी वर्षं झाली, एकदा तरी विचारलं का, येतेस का म्हणून? तुम्ही विचारून नाही राहिले, आई पाठवून नाही राहिल्या. मग मी म्हटलं, बाया नाहीत म्हणजे नळ असन. काही तरी कारण पाहिजे नं."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. टांगेवाल्यानंसुद्धा घोडा हळू केला. अन् दादा आयुष्यात पहिल्यांदा, माझ्यासमोर, भर रस्त्यात वहिनीला म्हणाला, "येतेस का?" ती म्हणाली, "आली नं आता! पण एक सांगते. तळ्याचं मी काहीच खरं धरलं नव्हतं. नळाचं मात्र धरून बसली होती."

अन् क्वार्टर! तुम्हाला सांगतो, क्वार्टर म्हणजे लांबलचक बराक, तिला दारं पाडलेली, अन् साऱ्या रांगेत नळ किती? एक! तोही सकाळी थोडा वेळ फुसफुसणार, बाकी दिवसभर रुसलेला. वहिनीनं नळ पाहिला, पदर खोचला अन् गुंड घेऊन रांगेत उभी राहिली. परत गेली नाही. संध्याकाळी तिनं चित्र भिंतीवर लावलं, दादा खुर्चीत बसला, वहिनीनं समोर ताट ठेवलं अन् विचारलं, "भाजीत मीठ आहे का?" हे विचारायला तिला कधी वेळच मिळाला नव्हता. दादा म्हणाला, "आहे." नव्हतं! मी जेवून राहिलो होतो नं, चिमूटभर नव्हतं. पण त्याला ते लागलंच नाही.

आता इथं गोष्ट संपली असती तर मी आज तुमच्यासमोर असा घसा कोरडा करत उभा असतो का? त्या नळाच्या रांगेत एक भदौरिया भाभी, ग्वाल्हेरची. नवरा दादाच्याच दफ्तरात. राज्यच नवं, दहा दिशांची माणसं गोळा केलेली, कोणी रीव्याचं, कोणी इंदूरचं, अन् जो तो आपल्या गावाचं मोठेपण सांगून राहिला. भाभी म्हणायची, "हमारे ग्वालियर में तो किला है, महल है. और तुम्हारे पांढुरना में क्या है, उषा? संतरे?" एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. वहिनी आपलं गुंड पुढं सरकवायची. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी तिथंच होतो, दाढी करून राहिलो होतो. वहिनीनं गुंड खाली ठेवलं, भाभीचा हात धरला, तिला थेट खोलीत आणलं, अन्... अहो, तसाच हात, तशीच भिंत, तसंच बोट!

"ये! ये हमारा पांढुर्णा!"

दादा पेपर वाचत होता. पेपर तसाच राहिला, फक्त जरा आणखी वर सरकला.

भाभी जवळ गेली. "इतना सुंदर?" वहिनी म्हणाली, "नीचे लिखा है, देख लो." अन् लिहिलंच होतं नं हो, गवतावर, पिवळ्या अक्षरात, एवढं मोठं: पांढुर्णा! "ये हमारे जामसांवली के हनुमानजी. ये हमारे पोले के जानवर, सींग रंगाते हैं हमारे उधर." एक तरी शब्द खोटा काढा यातला! मारोती आमचा, शिंगं आमची, निळा रंग आमच्या बैलांचा, नाव आमच्या गावाचं! भाभीनं चष्मा पुसला अन् म्हणाली, "पर इतना पानी, और भरने वाली एक भी औरत नहीं?"

अन् वहिनीनं हातातलं रिकामं गुंड कमरेवर घेतलं अन् म्हणाली, "हमारे यहाँ घर-घर नल है, भाभी."

दादा पेपरामागून बाहेर आलाच नाही. येणार कसा? कोणत्या तोंडानं? अन् तळं आपलं भिंतीवर... गप्प!

भाभी एकदम नरमली. म्हणाली, इतकं सारं सोडून तू इथं आलीस कशाला गं? वहिनीनं पेपराकडे पाहिलं. "इनका घर यहाँ है," म्हणाली. बस्स. अन् रिकामं गुंड घेऊन परत रांगेत.

मी परत आलो. आता इथं आमच्या बैठकीत भिंतीवर नुसता चौकोनी डाग आहे, आई त्याच्याखाली बसून तांदूळ निवडते, अन् मधूनच वर पाहून विचारते, "उषा नळाचं पाणी गाळून घेत असन नं रे?" मी म्हणतो, घेते. विहिरीवर आता मी जातो. माझ्याही हाताला घट्टे पडले, पण ते कोण पाहून राहिलं!

अन् काल दादाचं पत्र आलं, लिहितो: भदौरियाजी सुटीत सहकुटुंब पांढुर्ण्याला येऊन राहिले, तळं पाहायला. मुलांनी पोहायचे कपडे घेतले. उषा नाही म्हणू शकली नाही, मी तर नाहीच नाही. तू स्टेशनावर जा अन् जमेल तसं सांभाळून घे. तुझा दादा.

जमेल तसं! खोटं यांनी बोलायचं, संसार यांनी थाटायचा, अन् तळं मी दाखवायचं! मी गुणवंताकडे गेलो, तो म्हणतो, "दोन दिस द्या, स्टेशनावर पडदा रंगवून देतो." पुंडलिकरावांकडे गेलो, ते म्हणतात, "पांढुर्ण्याचं तळं? अरे, धा डाव पाह्यलं!"

तेव्हा मी आता ठरवूनच टाकलं. उद्या गाडी येईल, भदौरियाजी उतरतील, भाभी उतरतील, लेकरं उतरतील, अन् ट्रंक खाली ठेवायच्या आत विचारतील, कहाँ है तालाब? मी हात जोडणार. खोटं बोलणार नाही, आमच्या घरात आधीच फार झालं. जे खरं आहे तेच सांगणार...

"भाभीजी, आपको आने में देर हो गई. राजधानी भोपाल गई, दफ्तर भोपाल गया, भैया गए, हमारी भाभी गई... तालाब यहाँ अकेला क्या करता? उसको भी भोपाल ही ले गए!"